चष्मा नेमका कशावर टेकतो?

माझ्या सासूबाई माणसाकडे चष्म्यावरून बघायच्या. हनुवटी खाली, चष्मा नाकाच्या शेंड्याकडे उतरलेला, आणि डोळे वरच्या काठावरून थेट समोरच्यावर. तेही किंचित बारीक केलेले. त्या मला पाहायला कराडजवळच्या आमच्या गावी आल्या, तेव्हा ही नजर पहिल्यांदा माझ्यावर पडली. बाकीची मंडळी शिक्षण, नोकरी, पत्रिका असं काहीबाही विचारत होती. ह्यांनी बराच वेळ चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "पान्याची भीती वाटते का गं तुला?"

मी "नाही" म्हणाले. खरं तर प्रश्नच नीट उमगला नव्हता. पाहुणे गेल्यावर माझी आई म्हणाली, "मुलगा चांगला आहे. बाई मात्र कडक दिसते."

लग्न होऊन वसईजवळच्या उमेळ्याला आले तेव्हा त्या प्रश्नाचा उलगडा झाला. घरामागे वाडी होती. केळी, नारळ, थोडी पानवेल, आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे इकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्याच पाण्यावर सगळी वाडी शिंपली जायची, आणि घरातल्या प्रत्येकाची ये-जा त्याच्या काठावरून. सुनेला पाण्याची भीती असून चालणार नव्हतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

नजरेचा उलगडा मात्र झाला नाही. सासूबाई बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. मी भाजी फोडणीला टाकली की ओट्यापासून चार हातांवर खुर्चीत बसलेल्या त्या मान खाली घालून चष्म्यावरून बघायच्या, आणि त्यांनी न विचारताच मी सांगायला लागायचे, "आई, तेल थोडंच घातलंय हं." त्या म्हणायच्या, "मी कुठे काय बोलले?" आणि परत तसंच बघायच्या. विजेचं मीटर बघायला येणारा माणूसही त्यांच्यासमोर उगाच खुलासे करायचा. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "अगं, ती अशीच बघते. मी पहिल्या नंबरानं पास झालो तेव्हापण अशीच बघत होती."

मग एका रविवारी तो चष्मा बावखलात पडला.

सकाळी मोटार चालू होती, पण पाणी बारीक येत होतं. पाइपाच्या तोंडाशी शेवाळ अडकलं असेल म्हणून सासूबाई काठावर जाऊन वाकल्या. मी मागे दोरीवर कपडे वाळत घालत होते. 'डुबुक' असा आवाज आला. वळून बघितलं तर त्या तशाच वाकलेल्या, एक हात नाकाशी, दुसरा गुडघ्यावर.

"गेला," त्या म्हणाल्या.

नवरा लेंगा खोचून पाण्यात उतरला. तळाचा गाळ पायानं चाचपत इकडून तिकडे फिरला, आणि बऱ्याच वेळानं एका पायाच्या अंगठ्यात चष्मा अडकवून वर आला. काचा शाबूत होत्या. एक काडी तेवढी उलट्या बाजूला लुळी लोंबत होती.

"नवीन घेऊ," तो म्हणाला.

"कशाला? काच चांगली आहे," सासूबाई म्हणाल्या.

स्क्रू सैल झालेला दिसत होता. मी म्हणाले, "द्या इकडे. उद्या कारखान्यात बसवून आणते."

मी सातिवलीला एका छोट्या कारखान्यात नोकरी करते. आमच्याकडे बाटल्यांची झाकणं, क्लिपा, नळ्यांचे जोड असले प्लॅस्टिकचे बारीक जिन्नस बनतात. ते मापात उतरलेत की नाही हे तपासणं माझं काम. त्यामुळे दिवसभर हातात व्हर्नियर असतो. दोन जबड्यांची ती मोजपट्टी, केसाएवढा फरकही दाखवते. बारीक स्क्रू, बारीक पेचकस आमच्याकडे ढिगानं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चष्मा टेबलावर ठेवला. इतकी वर्षं त्याच्यावरून येणारी नजर झेलली होती, पण चष्मा असा हातात कधी घेतला नव्हता. मला स्वतःला नंबर नाही, त्यामुळे चष्मा म्हणजे दोन काचा आणि दोन काड्या, यापलीकडे मी विचारच केला नव्हता. आता बघितलं तर त्यात माझ्या ओळखीचं बरंच काही निघालं. काडी जिथे पुढच्या भागाला जोडलेली होती तिथे दाराला असते तशी बिजागरी होती, मुंगीएवढी. तिच्यातला स्क्रू अर्धा बाहेर आला होता. तो बसवायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पण मग तो खाली ठेवावासा वाटेना. दोन काचांना जोडणारी मधली कमान बघितली. कमानीच्या दोन्ही बाजूंनी सापाच्या जिभेसारख्या वळलेल्या बारीक तारा निघत होत्या आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक मऊ पारदर्शक बटण होतं. ही बटणं नाकाला टेकतात हे ठाऊक होतं. ह्या चष्म्याची बटणं पिवळी पडली होती, कडांना हिरवट मळ धरला होता, आणि दोन्ही तारा बाहेरच्या बाजूला फाकल्या होत्या. काडीच्या आतल्या अंगाला बारीक अक्षरात आकडे होते. चोपन्न, मग छोटा चौकोन, मग वीस, मग एकशे पंचेचाळीस. आमच्या झाकणांवर असतो तसा हा बॅच नंबर असणार, असं मला वाटलं.

माझ्याबरोबर डबा खाणारी मैत्रीण शाळेपासून चष्मा लावते. तिला विचारलं, "चष्मा कशावर टेकतो गं?"

"कानावर," ती पोळीचा घास मोडत म्हणाली. मग थांबली. "नाकावर? थांब हं."

तिनं दोन्ही काड्या कानांवरून अलगद उचलून बाजूला धरल्या. चष्मा नाकावर तसाच राहिला. मग तिनं काड्या कानांवर ठेवल्या आणि बोटानं पुढचा भाग नाकापासून थोडा उचलून सोडून दिला. तो धप्पकन नाकावर येऊन बसला. म्हणजे सगळा भार नाकावर. कान नुसते चष्म्याला पुढे घसरू देत नाहीत, मागून धरून ठेवतात.

"एवढी वर्षं मला वाटत होतं कानच सगळं काम करतात," ती म्हणाली, आणि स्वतःचा चष्मा काढून तीही तो उलटसुलट करून बघायला लागली. तिच्या काडीवरही आकडे होते. पन्नास, सोळा, एकशे पस्तीस. बॅच नंबर असा कसा असेल? मी व्हर्नियर उचलला. सासूबाईंच्या चष्म्याची एक काच आडवी मोजली, बरोबर चोपन्न मिलिमीटर. दोन काचांमधलं अंतर वीस. काडी बिजागरीपासून कानामागच्या वाकाच्या टोकापर्यंत एकशे पंचेचाळीस. मैत्रिणीचा मोजला, तोही तंतोतंत जुळला.

मला विलक्षण आनंद झाला. चष्मा स्वतःच्या अंगावर स्वतःची मापं लिहून हिंडत होता आणि रोज तो पुसणाऱ्या माणसालाही ते माहीत नव्हतं! पण त्याबरोबर दुसरी गोष्ट लक्षात आली. माझी मैत्रीण चांगली रुंद चेहऱ्याची. सासूबाईंचा चेहरा तिच्या निम्मा नसला तरी खूपच लहान. आणि चष्मा मात्र त्यांचा मोठा.

घरी आल्यावर जेवणं झाली, भांडी आवरली, आणि मी कारखान्यातून आणलेला व्हर्नियर घेऊन सासूबाईंसमोर बसले.

"आई, तुमचं नाक मोजू का?"

चष्मा माझ्याकडेच होता, त्यामुळे त्या नुसत्याच डोळे बारीक करून बघत होत्या. "काय करू?"

"नाक मोजू. चष्मा का घसरतो ते बघायचंय."

नवरा टीव्हीचा आवाज बंद करून बघत राहिला. सासूबाईंनी थोडा वेळ विचार केला आणि चेहरा पुढे केला. मी व्हर्नियरचे जबडे दोन डोळ्यांच्या मधे हलकेच टेकवले.

"गार लागतं," त्या म्हणाल्या. मग उत्सुकतेनं, "किती भरलं?"

आकड्यापेक्षा मला बोटांना जे कळलं ते महत्त्वाचं होतं. दोन डोळ्यांच्या मधे त्यांच्या नाकाला उंचवटाच नव्हता. तो खाली, बराच खाली सुरू होत होता. चष्म्याच्या बटणांना टेकायला जागा मिळायची ती थेट तिथे.

मी तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "त्यात मोजायचं काय? बसकं नाक आहे माझं. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या लग्नात सासरची नथ घालायची होती. मोठी, मोत्यांची, घराण्यातली. ती काही केल्या त्यांच्या नाकावर ठरेना. एकीकडे झुकायची, ओठांवर यायची. शेवटी दोरा बांधून केसांत अडकवली. मांडवात बायका हसत होत्या. त्यांची सासू मोठ्यानं म्हणाली, ह्या बसक्या नाकावर काय ठरनार आहे?

"पुढे चष्मा लागला," त्या म्हणाल्या, "तोपन उतरायला लागला. दुकानातल्या मानसाला सांगितलं तर तो म्हनाला, बाई, तुमचं नाकच तसलं आहे. मग मी परत कोनाला सांगितलं नाही. चष्म्याचा काय दोष?"

त्यांनी हे रडत किंवा कुरकुरत सांगितलं नाही. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं सांगितलं. मला मात्र राहवलं नाही. मी म्हणाले, "आई, आमच्याकडे झाकण बाटलीला बसलं नाही ना, तर आम्ही झाकण परत पाठवतो. बाटलीला कुणी नावं ठेवत नाही."

"म्हनजे मी बाटली?"

नवरा खो खो हसला, आणि मग त्याही हसल्या.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी वसई रोडला चष्म्याच्या दुकानात गेलो. डोळे तपासणारी बाई तिशीची असेल. तिनं आधी नेहमीसारखं नव्या फ्रेमांचं कपाट उघडलं. "आजी, ही फ्रेम आता खूप जुनी झालीय. ही बघा, एकदम हलकी."

"मला हाच पायजे," सासूबाई म्हणाल्या.

तिनं जुना चष्मा त्यांना लावायला सांगितला, खाली बघायला लावलं, मान हलवायला लावली. चष्मा दोन्ही वेळा उतरला. मग ती आत जाऊन बारीक पक्कड घेऊन आली आणि बटणांच्या तारा तिनं हळूहळू आत वळवल्या. "अहो, तुटतील त्या!" मी म्हणाले. मी समजत होते की त्या तारा पडून-झडून वाकड्या झाल्या आहेत, आणि वाकवल्या तर तुटतील.

"नाही ताई, त्या वाकवण्यासाठीच असतात," ती म्हणाली. "प्रत्येकाचं नाक वेगळं. जवळ आणल्या की चष्मा वर उचलला जातो."

पिवळी बटणं काढून तिनं नवीन घातली. मग काड्यांची प्लॅस्टिकची टोकं गरम हवेच्या यंत्रासमोर धरली.

"अगं, कान भाजंल माझा," सासूबाई म्हणाल्या.

"गार करूनच देते, आजी."

काडी लांब असल्यामुळे कानामागचा वाक कानाच्या फार मागे येत होता. त्यामुळे कान काही धरूनच ठेवत नव्हता. तिनं वाक अलीकडे आणला. चष्मा परत लावला तेव्हा तो डोळ्यांसमोर बसला, जिथे चष्मा असायला हवा तिथे. सासूबाईंनी वाकून चपला बघितल्या. मान दोन्हीकडे झटकली. चष्मा जागचा हलला नाही. रिक्षात बसल्यावर त्यांनी तीन-चार वेळा नाकाशी बोट नेलं आणि काम नसल्यासारखं खाली घेतलं.

मला वाटलं झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराची पायरी उतरताना त्यांचा तोल गेला. दाराची चौकट धरली म्हणून वाचल्या.

"पायरी कुठे गेली?" त्या ओरडल्या. "मधी रेघ आली आहे. वर बघू तर रेघ, समोर बघू तर रेघ. खाली बघू तर सगळं जवळ येतं."

त्यांच्या काचा दोन भागांच्या होत्या. वरचा भाग लांबचं बघायला, खालचा वाचायला, आणि मधे एक रेघ. चष्मा वर चढला तशी ती रेघही वर चढून ऐन बुबुळासमोर आली होती. त्यांनी चष्मा सवयीनं खाली ओढला. पण तो आता इतका घट्ट बसला होता की खाली राहीना. दोनदा-तीनदा ओढून बघितला आणि मग काढून देवाच्या फळीवर ठेवून दिला.

"तुझ्या मापानं माझी पायरी पळाली," एवढंच बोलून त्या वाडीत गेल्या.

मी खट्टू झाले. चार-पाच दिवस त्या तशाच चष्म्याविना वावरत होत्या. तांदूळ मी निवडून द्यायचे, पेपर नवरा वाचून दाखवायचा. पण खट्टू होण्याइतकीच मला उत्सुकताही लागून राहिली होती. रेघ चुकीच्या जागी आखली कुणी? आमच्याकडे साचा चुकला तर सगळा मालच चुकतो. इथे काचा नीट, फ्रेम नीट, मग चूक कुठे होती? शनिवारी कामावरून सुटल्यावर चष्मा घेऊन मी एकटीच दुकानात गेले.

त्या बाईनं काचा उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाली, "रेघ चुकलेली नाही, ताई. ह्या काचा बसवल्या तेव्हा चष्मा नाकावर जिथे उतरलेला होता, तिथेच धरून रेघ आखलीय. आता चष्मा जागेवर आला, रेघ नाही आली. नवीन काचा लागतील. आणि काचा नवीनच करायच्या, तर फ्रेमसुद्धा मापाची घ्या. आजींना घेऊन या."

मग काचा खाली ठेवून तिनं विचारलं, "त्यानंतर तो आणखी घसरला असणार. मग त्या लांबचं बघतात कशा? चष्म्याच्या वरून?"

"हो."

"मग दिसतं कसं त्यांना? लांबचा नंबरही बराच आहे. वरून बघितलं तर सगळं धूसर दिसणार." ती स्वतःशीच मान हलवत म्हणाली, "म्हणून डोळे बारीक करत असतील. डोळे बारीक केले की थोडं स्पष्ट दिसतं."

मी दुकानाबाहेर येऊन रिक्षा स्टँडच्या रांगेत उभी राहिले. रांग पुढे सरकत होती आणि मागची बाई मला ढकलत होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आमच्या गावच्या घरी ती हनुवटी खाली, ते बारीक केलेले डोळे. ओट्याजवळच्या खुर्चीतून माझ्या कढईकडे येणारी ती नजर. ती कडक नव्हती. मी त्यांना नीट दिसतच नव्हते. त्या मला शोधत होत्या.

सासूबाईंना परत दुकानात न्यायला बरीच मनधरणी करावी लागली. "नाक तेच आहे, परत परत काय दाखवायचं?" असं म्हणून त्या हटून बसल्या. शेवटी मी म्हटलं, "आई, चूक झाकणाचीच होती. फक्त अर्धी शोधली मी. उरलेली अर्धी शोधायला चला." त्यावर त्या उठल्या.

ह्या वेळी फ्रेम निवडायला मी बसले. काडीच्या आतले आकडे बघत होते. दुकानातली बाई हसून म्हणाली, "ताई, तुम्ही रंगसुद्धा बघत नाही?" रंग सासूबाईंनी बघितला. लहान चेहऱ्याच्या, आखूड काड्यांच्या फ्रेमांमधून त्यांनी जांभळट तपकिरी निवडली. "जांभळाच्या सालीसारखा आहे," म्हणाल्या. तिलाही तारेवरची बटणं होतीच. बटणं नसलेल्या अखंड प्लॅस्टिकच्या फ्रेमा दुकानातल्या बाईनं बाजूलाच ठेवल्या होत्या. त्या वळवता येत नाहीत, आजींना चालणार नाहीत, असं म्हणाली.

फ्रेम त्यांच्या चेहऱ्यावर नीट बसवल्यावर तिनं हातात काळं पेन घेतलं. फ्रेममधल्या बिननंबरी, नुसत्या दाखवायच्या काचांवरच खुणा करायच्या होत्या, बुबुळ कुठे येतं, रेघ कुठे यायला हवी.

"आजी, समोर बघा. अगदी नेहमीसारखं."

सासूबाईंनी अगदी नेहमीसारखं बघितलं. हनुवटी खाली, डोळे वर.

"तसं नाही, आजी. मान सरळ."

त्यांनी मान सरळ केली. पेन जवळ आलं की हनुवटी परत खाली. पुन्हा सरळ, पुन्हा खाली. चष्मा जागेवर बसला होता, पण मान इतक्या वर्षांचं वळण सोडायला तयार नव्हती. ती बाई कंटाळली नाही, पण सासूबाई कंटाळल्या. "होत नाही गो बाय माझ्यानं," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढायला त्यांनी हात वर नेला.

मी उठून त्या बाईच्या मागे जाऊन उभी राहिले.

"आई, इकडे बघा. माझ्याकडे."

"कुठे?"

"इथे. त्यांच्या डोक्याच्या वर. मी बोलतेय ना, आवाजाकडे बघा. आज रात्री काय करू जेवायला? वालाचं बिरडं करू?"

"वाल भिजवले कुठे आहेत?" असं म्हणत त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा वर, सरळ. पेनानं टक टक दोन खुणा केल्या. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्या मला सांगत होत्या की वाल आदल्या दिवशी भिजवावे लागतात, एवढं तुला अजून कळत नाही का.

नवीन चष्मा आठवड्यानं आला. त्या दिवशी संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि त्या त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी मागे बघितलं तर चेहरा सरळ, डोळे पूर्ण उघडे, आणि चष्म्याच्या आतून, अगदी काचेच्या मधून, त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळे मला वाटायचे त्यापेक्षा मोठे होते.

"तुझ्या भुवईत ही खून कसली?"

"लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर पडले होते. तीन टाके पडले."

"कधीपासून आहे?"

"आई, लहानपणापासून. लग्नाच्या आधीपासून."

त्या उठून जवळ आल्या आणि ती जागा बोटानं चाचपून बघितली. पिठाचा हात मी बाजूला धरून उभी होते.

"मला वाटायचं तुझी टिकली सरकते," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. मी विचारलं, "आई, मग इतकी वर्षं मी तुम्हाला कशी दिसत होते?"

"दिसायचीस की. साडीचा रंग कळायचा. आनि आवाजावरनं कळायचं, हसतेस की रुसलीस." त्या परत खुर्चीकडे वळल्या. "रुसलेली जास्त कळायचीस."

नवीन चष्म्यानं सगळं गोड झालं, असं मात्र सांगता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना माळ्याखालची कोळिष्टकं दिसली, फ्रिजवरची धूळ दिसली, नवऱ्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण दिसलं. पूर्वी नजरच असायची, आता नजरेबरोबर बोलणंही यायला लागलं. शेजारच्या काकूंचा चष्मा खाली आला की त्यांना थांबवून सासूबाई स्वतः त्यांच्या काडीतले आकडे वाचायच्या आणि गंभीरपणे सांगायच्या, "तुझ्या नाकाचा दोष नाही. तारा आत घ्यायला सांग." काकू माझ्याकडे बघायच्या, मी मान डोलवायचे.

मलाही एक खोड लागली. समोरचा माणूस बोलत असला की मी त्याची बटणं, वाक, बिजागरी बघत बसते. कामावरची मैत्रीण म्हणते, माझ्याशी बोल, माझ्या चष्म्याशी नको.

मध्यंतरी एका संध्याकाळी आम्ही दोघी वाडीच्या टोकाला केळीची पानं कापायला गेलो होतो. कुंपणापलीकडची वाडी विकली गेलीय. तिथली झाडं तोडून पत्रे लावलेत, आणि पत्र्यांच्या वर नव्या इमारतींचा भलामोठा फलक उभा राहिलाय. सासूबाई कोयता हातात धरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"किती दिवस झाले हा लावून?"

"वर्ष होऊन गेलं, आई."

"त्यावर झाडं काढली आहेत ते मला कळलंच नव्हतं. मला वाटायचं नुसता हिरवा रंग आहे." मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून वाचला, "नि-स-र्गा-च्या कु-शी-त." वाचून झाल्यावर म्हणाल्या, "आनि खाली बारीक काय आहे ते?"

ती ओळ मलाही कधी वाचावीशी वाटली नव्हती. मी दोन पावलं पुढे गेले. "'दाखवलेलं चित्र काल्पनिक आहे,' असं लिहिलंय."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि खालच्या पानाचा देठ डाव्या हातानं धरून त्यांनी कोयता चालवला. "ते वरचं पान नको, फाटलंय. त्याच्या मागचं वाकवून दे."